बिनतारखेचा राजीनामा

नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाकडून आधार कार्ड मागतात, दोन फोटो मागतात. आबांनी माझ्याकडून राजीनामा मागितला.

जळगावच्या एमआयडीसीत चटया बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या फायनान्स विभागात मी सहा महिन्यांची इंटर्न म्हणून नुकती टेकले होते. खांद्यावरची पर्सही उतरली नव्हती. तेवढ्यात पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, असे साठीला आलेले एक गृहस्थ कोरा कागद घेऊन समोर उभे राहिले.

"लिही माय. राजीनामा देत आहे. कुठे जाणार तेबी लिही. तारीख तेवढी टाकू नको."

"अहो, पण मी आजच आले!"

"म्हणूनच. आज तुले भीती नही शे. सहा महिन्यांनी खुर्चीची सवय होते, कँटीनच्या चहाची होते. मग लिहायला हात उचलत नाही."

"इंटर्नचा कसला आलाय राजीनामा?"

"सवय असावी," आबा म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुसू लागले.

म्हातारा सरकलेला दिसतोय, म्हटलं, वाद कशाला घाला? लिहून टाकलं. आता गंमत अशी, की कुठे जाणार या जागी मी खरं तेच लिहिलं. पुण्याला, कंपन्यांचे ताळेबंद वाचून त्यांची नाडी सांगणारी ॲनालिस्ट म्हणून. धुळ्याला घरी मी हे कोणाला बोलले नव्हते. आबांनी कागद वाचला, घडी न घालता एका हिरव्या फाइलीत ठेवला आणि म्हणाले, "तू धुयानी शे का? मी बी धुळ्याकडलाच." झाली ओळख.

धनराज आबा या कंपनीत पस्तीस वर्षं अकाउंटंट. खुर्ची तीच, खिडकी तीच. साहेब बदलले, मशिनं बदलली, चटयांवरचे मोर जाऊन फुलं आली, आबा जागच्या जागी. पण दुपारी चारच्या चहाला आम्ही पोरं पुढे काय करायचं यावर बोलायला लागलो, की आबांचा स्टूल सरकत सरकत आमच्यात यायचा.

आमच्यात बोलणारा मुख्य म्हणजे निखिल. हा पाचोऱ्याहून रोज रेल्वेने यायचा आणि त्या प्रवासात त्याचं करिअर बदलायचं. सोमवारी त्याला मुंबईत मोठ्या बँकेत जायचं असे, बुधवारी स्पर्धा परीक्षा, शुक्रवारी मामाचं बी-बियाण्यांचं दुकान. आबा दर वेळी नवा कागद पुढे करायचे. निखिलचे एकट्याचे पाच राजीनामे फाइलीत होते.

जिथे जायचं त्या गावाची आबा अशी चौकशी करत, जणू मुलगी द्यायची आहे. राहायला कुठे? जेवण कसं? कळण्याची भाकर मिळते का? गाडी कोणती, भुसावळला बदलावी लागते का? पण सगळ्यात शेवटचा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत नसत. समोरचा खरंच जाणार अशी खात्री पटली तरच तिथल्या पाण्याचं विचारत, "तठे पानी कसं शे?" निखिलला त्यांनी तो कधीच विचारला नाही. तो बिचारा सहा महिने वाट पाहत होता.

एकदा आबा भाच्याच्या लग्नाला एरंडोलला गेले होते. सह्यांसाठी जाणाऱ्या फाइली उचलणाऱ्याने हिरवीही उचलली आणि ती थेट मॅनेजर साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी उघडली तर सगळ्या फायनान्स विभागाचे राजीनामे! त्यांनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही रांगेत उभे. साहेब लालबुंद होऊन एकेक कागद उलटत होते. मग एका जुन्या पिवळ्या कागदाशी थांबले. तो त्यांचाच होता, वीस वर्षांपूर्वीचा. कुठे जाणार? दुबई. साहेबांनी तो दोनदा वाचला, फाइल मिटली आणि म्हणाले, "चहा सांगा सगळ्यांना." विषय तिथेच संपला.

माझे सहा महिने संपत आले तेव्हा साहेबांनी मला कायम करतो म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. दोन मुलाखती मी गुपचूप दिल्या होत्या. शुक्रवारपर्यंत कळवा. पप्पा फोनवर म्हणाले, "जळगाव म्हणजे दोन तासांचा रस्ता. दर शनिवारी घरी येशील. पुण्यात कोण आहे आपलं?" त्यांचं काही चूक नव्हतं. शिवाय खुर्चीची सवय झाली होती, चहाचीही. गुरुवारी सकाळी मी आबांपाशी गेले.

"आबा, माझा कागद फाडून टाका. मी इथेच राहते."

आबांनी कागद काढला, पण फाडला नाही. "आधी वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीतच माझा मला राग आला. अक्षर किती ठाम होतं! ही मुलगी कुणालाही घाबरत नव्हती आणि सहा महिन्यांत मी तिला गप्प बसवायला निघाले होते. आबांच्या खिशातलं पेन मीच ओढलं आणि तारीख टाकली.

"तठे पानी कसं शे?" आबांनी विचारलं. निखिलने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

साहेबांनी कागद वाचून फक्त एवढंच विचारलं, "आबांच्या फाइलीतला ना?" आणि सही केली. पप्पा आठ दिवस बोलले नाहीत. मग त्यांनीच पुण्याच्या बसचं तिकीट काढून आणलं.

शेवटच्या दिवशी आबांनी माझ्या राजीनाम्याची झेरॉक्स काढली आणि म्हणाले, फाइलीत लाव. लावताना आधीच्या झेरॉक्सांच्या पाठी दिसल्या. प्रत्येकीवर आबांचं बारीक, सरळ अक्षर. पोहोचला. दिवाळीला फोन आला. फोन आला. मुलगी झाली. फोन नाही. फोन नाही. फोन नाही. कितीतरी कागदांवर शेवटी तेच होतं. मला वाटायचं, लोकांना घालवण्याची या माणसाला हौस आहे. ते तर इतकी वर्षं सगळ्यांची वाट पाहत बसले होते.

"आबा, यात तुमचा कुठे आहे?"

"माझा?" ते कागद सारखे करत राहिले. "माझ्या वेळी कोणी लिहून घेतला नही ना, माय."

मी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "लिहा."

"आता काय? मार्चमध्ये रिटायर होतो मी."

"सवय असावी. कुठे जाणार तेही लिहा."

हसले, चष्मा पुसला, पुन्हा हसले. अखेर पहिली ओळ लिहिली आणि अडले. "कुठे लिहू? बठ्ठा जातस, सगळेच. मी कधी काही पाह्यलंच नाही."

"पुणे लिहा. माझ्याकडे. आठ दिवस."

त्यांनी लिहिलं, अगदी सावकाश, आणि पेन तारखेच्या जागी आणून माझ्याकडे पाहिलं.

"तारीख तेवढी टाकू नका," मी म्हटलं.

तो कागद आता पुण्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. आबा रिटायर होऊन दीड वर्ष झालं. दिवाळीचा फोन मी चुकवत नाही, मधलेही करते, आणि दर वेळी विचारते, "कधी येताय?" आबा दर वेळी गुडघ्यांचं सांगतात, गाडीच्या गर्दीचं सांगतात, मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगतात.

परवा मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"काय गं माय, तुन्हाकडे पानी कसं शे?"

मी खण उघडला आणि पेन शोधायला लागले.