नियंत्रण गटातल्या कडूबाई

"सिस्टर, माझं पाय काय उसनं आनलेत व्हय?"

कडूबाईंनी हे विचारलं तेव्हा पंकजा शेजारच्या खाटेवरच्या बायडाबाईंच्या टाचेला तेल लावत होती. तिने मान वर केली नाही. मान वर केली की कडूबाईंचे पाय दिसायचे, आणि तेच तिला नको होतं. उभं आयुष्य उसाच्या फडात गेलेले ते पाय होते. टाचांना भेगा पडलेल्या आणि घोट्यांच्या गाठी झालेल्या. कडूबाई छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात भरती झाल्या होत्या, पण रोज सकाळी डॉक्टरांना तक्रार सांगायच्या ती पायांचीच.

"मावशी, तुम्हाला सांगितलं ना. तुमची चिठ्ठी दुसरी निघाली."

"मग एकच पाय चेप. दोन नगं. एका पायानं कुनाला कळतंय?"

सगळा वॉर्ड हसला. पंकजाही हसली, पण कडूबाईंच्या पायांना काही हात लावला नाही.

पंकजा सानप जामखेडजवळच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरी करत नर्सिंगची वरची पदवी घेत होती. पदवीला प्रबंध हवा. म्हाताऱ्या पेशंटचे पाय रोज चेपले तर त्यांना झोप चांगली लागते, असं तिने एका शोधनिबंधात वाचलं होतं, आणि तोच प्रयोग आपल्याकडच्या बायांवर करायचं ठरवलं. मार्गदर्शक पुष्पावती मॅडमना विषय आवडला. त्यांची अट एकच होती : निम्म्या बायांचे पाय चेपायचे, निम्म्यांचे नाही. तरच फरक कळेल. कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठीवर. ज्यांचे पाय चेपायचे नाहीत तो नियंत्रण गट. प्रयोग संपला की मग त्यांचेही चेपायचे. सकाळी उठल्यावर प्रत्येकीला विचारायचं, झोप कशी लागली, दहापैकी किती?

पंकजाने हे सगळं वॉर्डात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. कडूबाईंनी मान डोलावली होती, अंगठाही दिला होता. पण त्यांच्या लक्षात राहिला तो एकच शब्द, आणि संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलताना त्यांनी तोच वापरला. "अजिनाथा, बाकीच्या बायांचं पाय चेपत्यात. मला मातर नियंत्रनात घातलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथ टेम्पोत भावकी भरूनच आला.

"कुटुंब नियंत्रन?" तो वॉर्डाच्या दारातूनच ओरडला. "माझा बाप जाऊन धा वर्सं झाली, आन तुमी आता माझ्या आईचं नियंत्रन करताय?"

"अहो दादा, ते नियंत्रण नव्हे!" पंकजा म्हणाली.

"मग कुठलं?"

गोंधळ ऐकून पुष्पावती मॅडम धावत आल्या. त्यांनी शांतपणे आणि शुद्ध भाषेत सांगितलं, "हे पाहा, नियंत्रण गट म्हणजे ज्यांना आपण काहीही करत नाही."

"म्हंजे?" अजिनाथचा आवाज आणखी चढला. "दवाखान्यात निजवून काहीच करत न्हाई? आन मग आमी हितं आनलंय कशाला?"

औषधं चालू आहेत, सलाईन चालू आहे, फक्त पाय चेपायचे नाहीत, एवढं समजावता समजावता मॅडमचा घसा बसला. भावकी हळूहळू टेम्पोत जाऊन बसली. अजिनाथही वरमला. आईच्या उशाशी जात म्हणाला, "एवढंच हुतं व्हय? मग मीच चेपतो की."

"नको!" पंकजा एकदम ओरडली. "तुम्ही तर मुळीच नको. कुणीच चेपायचे नाहीत. सगळा अभ्यास बिघडेल."

अजिनाथने आईच्या पायाकडे नेलेला हात मागे घेतला. काही चोरताना सापडल्यासारखा तो हात त्याने खिशात घातला, आणि निघेपर्यंत बाहेर काढला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, जरा जास्तच सुरळीत. एके सकाळी पंकजाने झोपेचं विचारलं तर कडूबाई म्हणाल्या, "नऊ." दुसऱ्या दिवशीही नऊ. बायडाबाईंच्या पायांवर पंकजा जीव तोडून मेहनत करत होती आणि त्या पाचावर अडल्या होत्या. नियंत्रण गट असा घोरत पडला तर प्रबंधात लिहायचं काय? पाय चेपल्याने झोप उडते?

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता पंकजाला आठवलं, तेलाची बाटली वॉर्डातच राहिली. ती परत गेली. बाटली बायडाबाईंच्या हातात होती, बायडाबाई कडूबाईंच्या खाटेवर होत्या आणि कडूबाईंचे पाय बायडाबाईंच्या मांडीवर. टाचेपासून बोटांपर्यंत, अंगठ्याने गोल गोल, पंकजा करायची अगदी तसंच चाललं होतं. कडूबाईंचे डोळे मिटलेले होते.

"हे काय चाललंय?"

बायडाबाई दचकल्या. "अवो सिस्टर, आपलं चेपून घ्यायचं आन शेजारनीनं नुस्तं बघत बसायचं, मला काय झोप लागंना. म्हनलं, सकाळी तुमी मला करताय, दुपारी मी हिला करते."

"माझं वर्ष वाया घालवलंत तुम्ही! दोघींनी!"

पंकजा आयुष्यात पहिल्यांदाच पेशंटवर ओरडली. कडूबाईंनी पाय हळूच ओढून घेतले आणि लुगड्याखाली झाकले. "तिला नगं वरडू," त्या म्हणाल्या. "मीच म्हनले तिला. तुझं वर्स जाईल ह्ये मला ठावं न्हवतं, पोरी."

पंकजाने कडूबाईंची खाट दाराशी, एका कडेला हलवली.

त्या दिवसापासून पंकजाचा प्रयोग कडूबाईंनी आपल्या अंगावर घेतला. पायांवर कुणाला चादरसुद्धा नीट करू देईनात. डॉक्टर सूज बघायला वाकले तर यांनी पाय पोटाशी घेतले. "नगं डाक्टर. सिस्टरचा अब्यास बिगडंल." शेवटी डॉक्टरांनी पंकजाला बोलावून विचारलं, पेशंटचे पाय तपासायला तुझी परवानगी लागते का? नर्सेसच्या खोलीत सगळ्या पोट धरून हसल्या. पंकजाही हसली. हसता हसता तिला तो खिशात गेलेला हात आठवला, आणि तिने उगाच चहाचे कप विसळायला घेतले.

सकाळी ती दाराशी गेली.

"झोप कशी लागली, मावशी?"

कडूबाई जरा पुढे झुकल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुला किती पायजे?"

"असं नाही. खरं सांगा."

"खरं सांगू? न्हाई लागली. पाय लई ठनकत हुतं. दोन लिव्ह." मग पंकजाच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या कामाचं झालं न्हवं?"

कामाचं झालं होतं. आणि पंकजाला बरंही वाटलं होतं. एका म्हातारीचे पाय ठणकले याचं तिला बरं वाटलं, आणि वॉर्डातून बाहेर पडताना तिची पावलं हलकी पडली. याची लाज तिला त्या वेळी वाटली नाही. ती पुढे वाटली.

प्रयोग संपत आला होता. संपेल त्या दिवशी पहिला मान कडूबाईंच्या पायांचा, असं पंकजाने मनाशी ठरवलं होतं, बायडाबाईंसमोर बोलूनही दाखवलं होतं. पण छातीतला कफ कमी झाला आणि अजिनाथ आईला न्यायला आला. त्या दिवशी पंकजा कॉलेजात होती. परत आली तर दाराशेजारच्या खाटेवर नवीन चादर घातलेली होती. बायडाबाई म्हणाल्या, "लई येळ बसली हुती तुमची वाट बघत. मग टेम्पोवाला वरडाया लागला."

प्रबंध लिहून झाला. दोन गटांतला फरक लख्ख निघाला. पुष्पावती मॅडमनी पाठ थोपटली. तो फरक लख्ख दिसावा म्हणून कडूबाईंच्या ठणकणाऱ्या पायांनी आपल्या वाट्याचं केलं होतं, हे मॅडमना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पंकजाने नवी तेलाची बाटली घेतली आणि सुट्टीच्या दुपारी स्कूटीवर कडूबाईंचं गाव गाठलं. रस्ता खड्ड्यांचा, आणि अंगावर लागोपाठ केलेल्या ड्युट्या. कडूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. पंकजाला बघून उठायला गेल्या, पण उठता आलं नाही.

"बसा मावशी. मी तुमचे पाय चेपायला आलेय."

"ये बया! आधी पानी तर पी. ही तुझी पावलं बघ कशी सुजल्यात. किती उबी ऱ्हातीस?" पंकजा नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तिला वाकळेवर टेकवलं आणि तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. "दमानं. वाईच टेक."

त्यांनी अंगठा तळव्यावर फिरवला. पंकजा म्हणाली, "मावशी, हे उलटं होतंय." आणि पुढचं तिला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर लुगडं पांघरलेलं होतं. कडूबाई उशाशी बसून माश्या वारत होत्या. संध्याकाळच्या ड्युटीची वेळ झाली होती.

"अगं बाई! मावशी, उठवलं का नाही? तुमचे पाय राहिलेच!"

"ऱ्हाऊ दे. मेल्यावानी झोपली हुतीस. कसं उठवायचं?"

"पुढच्या सुट्टीला येते. नक्की."

"ये की."

पुढची सुट्टी आजारी मैत्रिणीच्या ड्युटीत गेली. त्यानंतरच्या सुट्टीला पंकजा पुन्हा तीच बाटली घेऊन गेली. दाराला कुलूप होतं. अंगणात शेंगांची टरफलं वाऱ्याने फिरत होती.

शेजारची बाई ओट्यावर आली. "त्या व्हय? टोळीसंगं गेल्या, कोपरगावाकडं. अजिनाथ नवरा-बायको ऊस तोडनार, मग फडाकडंच्या कोपीत पोरास्नी कोन बघनार?"

"पण त्यांचे पाय..."

"पायाचं काय? बसून भाकरी थापायच्या." बाईची नजर पंकजाच्या हातातल्या बाटलीवर गेली. "तुमी तेल इकायला आलाय का?"

"नाही हो. पायांना लावायचं आहे."

"नगं, आमाला नगं बया. मागं बी एकजन असंच घेऊन आला हुता. तेलाबिलानं काय फरक पडत न्हाई."

"पडतो," पंकजा म्हणाली. "लई पडतो."

पण ती बाई तोवर घरात गेली होती.