मिरपुडीचा जादूगार

रविवारी दुपारी पोस्टमास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर किल्ला पडायची वेळ आली होती. नकाशा पसरलेला, साठ राक्षस तटाला भिडलेले, आणि पोस्टमास्तरांचा जादूगार मात्र चार रविवार झाले तरी तटामागे ढिम्म उभा. मूळ सोंगटीची मान मोडल्यापासून त्याच्या जागी मिरपुडीची डबी होती.

"अहो, सोडा की आता त्याचा अग्निमंत्र!" त्यांच्या बाजूने लढणारे दंतवैद्य वैतागले.

"मंत्र एकदाच चालतो. आणि जादूगार नाजूक, एक दगड लागला की गेला. मागेच ठेवायचा असतो."

लग्नात आलेले टॉवेल अजून कपाटात जपून ठेवणारा माणूस, दुसरं काय सांगणार? पण आज किल्ला पडला तर सेनापतीपद दंतवैद्यांकडे जाणार, असं ठरलं होतं. या टेबलाखेरीज पोस्टमास्तरांचं कुठेच कुणी ऐकत नसे, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात सासूबाई उकडलेलं अंडं घेऊन आल्या. त्यांनी डबी उचलली, मिरपूड भुरभुरली आणि डबी ठेवली ती थेट राक्षसांच्या मधोमध.

"अहो आई, तो जादूगार आहे!" पोस्टमास्तरांनी हात पुढे केला.

"हात मागे," राक्षसांच्या बाजूने खेळणारे ग्रंथपाल म्हणाले. "सोंगटी टेकली की चाल झाली. नियम तुमचाच."

गेल्याच रविवारी या नियमावर बोट ठेवून पोस्टमास्तरांनी दंतवैद्यांचा घोडेस्वार दरीत घालवला होता. त्यांनी मुकाट्याने हात मागे घेतला.

"काय करतो हा?" सासूबाईंनी विचारलं.

"आजूबाजूचं सगळं जाळतो. पण मी त्याला अडीअडचणीला राखून ठेवला होता."

"मग जाळू दे की! मागे उभा राहून काय भिंतीला टेकू देत होता?"

फासा त्यांनीच टाकला. बावन्न राक्षस भस्मसात झाले, उरलेले पळत सुटले. पोस्टमास्तरांना आनंद आवरेना.

"किल्ला वाचला, म्हणजे सेनापती मी नाही," दंतवैद्य शांतपणे म्हणाले. "पण वाचवला कुणी?"

पुढच्या रविवारी सासूबाई टेबलाच्या टोकाला, सेनापतीच्या खुर्चीत बसल्या. पोस्टमास्तर उत्साहाने पुढे सरसावले. "आई, मी कुठली बाजू सांभाळू?"

"तुम्ही मागेच थांबा, जावईबापू," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्हाला अडीअडचणीला राखून ठेवलंय."