सासूबाईंची सीट

आबेलार्दोच्या गाडीला मागची सीट नव्हती. सीट काढून तिथे त्याने कपाटाएवढे दोन स्पीकर बसवले होते आणि डिकीत त्याचा लाडका ॲम्प्लिफायर. परिणामी त्याच्या सासूबाई, दोन्या फिदेलिना, दर रविवारी चर्चला भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जायच्या. सगळं मोका गाव हे बघायचं, पण जावयाला लाज म्हणून शिवली नव्हती.

शनिवारी मात्र माशी शिंकली. किराणा दुकानासमोर डॉमिनोचा डाव रंगला होता. गावातल्या गाड्यांना स्पीकर बसवून देणारा राडामेस सोंगटी आपटत म्हणाला, "आवाज सारखा ठेवला आणि फाटेपर्यंत ताणला नाही, तर सगळे ॲम्प्लिफायर सारखेच वाजतात. तुझा महागडाही आणि माझा भंगारातलाही."

आबेलार्दोला हे कुणी आईवरून बोलल्यासारखं लागलं. डोळे बांधा, दोन्ही यंत्रं आलटून-पालटून दहा वेळा वाजवा, दहाही वेळा कुठलं ते ओळखतो, एकदा जरी चुकलो तर स्पीकर काढून सीट बसवतो, असं तो चारचौघांत बोलून बसला.

आता वायरी बदलणार कोण? दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी सगळ्यांनी एकमताने दोन्या फिदेलिनांना बोलावलं. सीट त्यांनाच हवी होती हे खरं, पण जपमाळ ओढणारी ती बाई जन्मात खोटं बोलली नव्हती. राडामेसने दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा केला, डिकीवर चादर टाकली आणि सासूबाई कागद-पेन्सिल घेऊन आत वाकल्या.

आबेलार्दोच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. "हा माझा," तो म्हणाला, "गिटारची तार न् तार मोकळी ऐकू येतेय." पुढच्या वेळी त्याने नाक मुरडलं. हा राडामेसचा, पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यासारखा. असे त्याने दहा निकाल दिले. सासूबाई घाम पुसत बाहेर आल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, "दहाच्या दहा बरोबर."

लोकांनी आबेलार्दोला खांद्यावर घेतलं. राडामेसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "जावईबापू, दहाही वेळा राडामेसचं भंगारच वाजत होतं. त्या बारीक वायरी माझ्या बोटांना निघेचनात."

आबेलार्दोला ठसका लागला. "मग तिथे का नाही बोललात?"

"तुम्ही हरला असता तर म्हणाला असता, टॉवेल घट्ट होता, पुन्हा खेळू. मी ओळखून आहे तुम्हाला. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेय, ते फुकट नाही घालवणार. सकाळच्या प्रार्थनेआधी सीट बसवा, नाहीतर मी पापाची कबुली देईन. पाद्रीबाबांच्या कानात नाही, माइकवर."

दुसऱ्या दिवशी गाडी चर्चसमोर थांबली, तेव्हा डॉमिनोचं अख्खं टोळकं गोळा झालं. कालच्या विजेत्याने स्पीकर का काढले, हे कुणालाच कळेना.

"असले कान लाभले ना," आबेलार्दो उसासा टाकून म्हणाला, "की कुठलाच आवाज मनासारखा लागत नाही."

मागच्या सीटवर सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि सावकाश खाली उतरल्या.