दीड बोटाची फट

बयूमींच्या टॅक्सीत चालकाच्या बाजूची काच कितीही वर चढवली, तरी मागच्या कोपऱ्यात दीड बोट उघडी राहत असे. एकोणीस वर्षं त्या फटीत वर्तमानपत्राची घडी बसत होती आणि कैरोची धूळ त्या घडीच्या बाजूने आत येत होती. कुणाचीच तक्रार नव्हती. पण परवान्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी तपासनीस शौकतसाहेबांनी काचेकडे पाहिलं आणि अर्जावर लिहिलं, ‘फट. नापास.’

उद्यापासून गाडी रस्त्यावर दिसली तर जप्त. बयूमींनी गाडी तडक परवाना कचेरीबाहेर काढली.

कचेरीसमोरच्या झाडाखाली उस्ता, म्हणजे मिस्त्री, झैनहुम यांचं गॅरेज होतं. म्हणजे एक स्टूल आणि अवजारांची पेटी. त्यांनी दाराचं आतलं अस्तर काढलं, बोल्ट सैल केले, काच मागच्या बाजूने तळहाताने उचलली आणि बोल्ट पुन्हा आवळले. मग रबर आणि काच यांच्यामध्ये कागद धरून काच चढवली. कागद ओढून निघेना.

“बघ! आता मुंगीसुद्धा व्हिसा काढल्याशिवाय आत यायची नाही.”

गाडी पुन्हा कचेरीत आली, तेव्हा शौकतसाहेब तिच्याभोवती दोनदा फिरले. “फट कुठाय?”

“काच नीट बसवून घेतली, बाशा,” बयूमी साहेबांना मोठेपणा देत म्हणाले.

“सकाळी मी फट नुसती लिहिली होती, मोजली नव्हती. न मोजलेली फट बुजवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. जा, होती तशी करून आणा.”

होती तशी करणं जास्त अवघड निघालं. फट कधी एक बोट व्हायची, कधी दोन. “बिघडवायला मापं घेतोय, आयुष्यात पहिल्यांदा!” उस्ता करवादले. अखेर दीड बोट जमलं. साहेबांनी ते मोजलं, शिक्का मारला आणि काच पुन्हा बसवायची लेखी परवानगी दिली.

काच तिसऱ्यांदा हलली, तेव्हा कागद साहेबांनी स्वतः ओढून पाहिला. निघाला नाही. साहेब बेहद्द खूश झाले.

“काय हात आहे हो तुमचा, उस्ता! आणि आमच्या काउंटरच्या काचेखाली ही वीतभर फट! लोकांचे हात, कागद, आरडाओरडा, सगळं आत येतं. नियम सगळ्यांना सारखा.”

उस्ता कौतुकाला भुलले. तासाभरात काउंटरची काच घट्ट बसली. साहेबांनी आत बसून बयूमींच्या परवान्यावर सही केली आणि तो काचेला टेकवून धरला. बयूमींना त्यावरचा आपला फोटोही स्पष्ट दिसला. पण परवाना बाहेर येणार कुठून? बाजूच्या दारावर पाटी होती, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. साहेबांनी आतून कागदावर लिहून दाखवलं, ‘काच सैल करण्याचा अर्ज काउंटरवर द्यावा.’

बयूमी काच ठोठावू लागले, तशी मागची रांग खवळली.

“अहो काका, चांगली बसवलेली काच फोडता काय?”

“परवाना झालाय ना तुमचा? दिसतोय की! मग सरका!”

बोलणारा गृहस्थ पुढे झाला, त्यानं आपला अर्ज काचेला टेकवला आणि तो शांतपणे वाट पाहू लागला. रांगेत आता चौऱ्याऐंशी माणसं आहेत. काच का बसवली, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. सगळ्यांना काळजी एकच, आपला नंबर जाऊ नये.

तुम्ही मात्र मध्ये घुसू नका. तुमचा नंबर पंच्याऐंशी.