हयवदनरायांची सायकल तिसरे मजल्यावर चढली त्याची हकीकत

श्री. पुढील पिढ्यांस खरे ठाऊक असावे, शेजारपाजारांनी भलतेच पसरवू नये, याकरितां कानडी मुलखांतील येलहंकानिवासी हयवदनरायांचे सायकलीची हकीकत यथास्थित लिहितों. वाचणारांनी हसू आवरावे. न आवरे तर बाजूस जावोन हसावे.

वैकुंठवासी तीर्थरूपांची सायकल बहुत वर्षे इमारतीचे जिन्याखाली मुक्काम करोन होती. अस्सल लोखंडी, अंगाने म्हैस. तीर्थरूपांनी रायांस चालविणे शिकविले ते हिजवरच, आणि राये नित्य कचेरीस जात तेही हिजवरच. ऐसे असतां असोसिएशनचे सेक्रेटरी गिरीराज यांनी फर्मान काढिले की, खंडेनवमीचे सायंकाळपावेतों जिन्याखालील जागा मोकळी करावी, राहील ते भंगारवाल्याचे. इमारतीस लिफ्ट नाही, रायांचे बिऱ्हाड तिसरे मजल्यावर. बापाची सायकल भंगारांत जाणार ऐसे पाहोन राये असोसिएशनचे भरसभेत बोलोन गेले की, खासा एकटे उचलोन वर नेऊं.

पहिले स्वारीस पहिला मजला गांठतां गांठतां कंबर धरली आणि मग माघार घेणे प्राप्त जाहले. कुटुंब श्रीविद्याबाई यांनी गरम पाण्याची पिशवी दिल्ही आणि वर सुनाविले, "अहो, एक तर सायकल हलकी करा, नाही तर तोंड आवरा."

मग मसलत ठरली आणि मेस्त्री योगीराज यांचे दुकानी मोहीम मांडिली. लोखंडी रिमा बडतर्फ करोन अल्युमिनियमच्या नेमिल्या, आणि जाड टायर जावोन सडपातळ आले, आणि सीटची दांडी, हँडल, पेडलांचे दांडे ऐसे जुने सरदार एकामागोन एक घरी बसले, आणि स्टँड व चेनकव्हर यांस निरोपाचे विडे मिळाले. सांगाडा मात्र तीर्थरूपांचा. त्यास हात लावाल तर खबरदार, ऐसी ताकीद. योगीराज दर भेटीस "सरी सार, स्वल्प टैम कोडी", म्हणजे थोडा वेळ द्या, म्हणत. त्या स्वल्पाचा महिना जाहला, आणि सायकल हाती आली ती ऐन खंडेनवमीचे दुपारी. रायांनी एका हाताने उचलोन पाहिली. स्वारी बेहद्द खूष जाहली.

तों मातुश्री कृष्णाबाई आडव्या आल्या. आज आयुधपूजा, पूजेवांचोन वाहन घरांत घेणे नाही, हा त्यांचा हुकूम. मग हळदकुंकू जाहले, आणि चाकांखाली लिंबे जाहली, आणि झेंडूचे भारेच्या भारे चढले, आणि हँडलास दोहींकडे केळीचे खुंट बांधिले, पानांसुद्धा, पाणी पिऊन टच्च. उद्यापावेतों सोडणे नाही, हेही फर्माविले. योगीराजांनी महिनाभर उतरविले ते वजन मातुश्रींनी घटकेत चढविले. रायांनी तैसाच खांदा दिल्हा. दुसरे मजल्यावर केळी कठड्यांत अडकल्या, झेंडू नाकांत गेला, आणि शिंकतां शिंकतां स्वारीने पायरीवर बसकण मारिली.

इतक्यांत गिरीराज भंगारवाल्यासह जिना चढोन आले. रायांनी सायकलीस मिठी मारिली, सोडीनात. भंगारवाल्याने कुंकू पाहिले, चपला काढिल्या आणि हात जोडिले. "अय्यो! पूजा माडिद गाडी. इवत्तु मुट्टल्ला, सार!" पुजलेली गाडी, आज हात लावणार नाही, म्हणाला. गिरीराजांनी डोळे वटारिले. परंतु स्वतःचे मोटारीसही केळी बांधिलेल्या. उद्या दोनप्रहरपावेतों मोहलत दिल्ही आणि खाली गेले; सायकलही रात्रीपुरती जिन्याखाली परतली.

दसऱ्याचे सकाळी मातुश्रींनी केळी सोडविल्या. राये सायकल खांद्यास लावोन, शीळ घालीत, दम न खातां तिसरे मजल्यावर दाखल जाहले. मातुश्रींनी ओवाळिले, सांगाड्यावरोन हात फिरविला आणि पदराने डोळे टिपले. श्रीविद्याबाईंनी सोफा सरकवोन बैठकीत जागा दिल्ही. गिरीराजांनीही पेढा घेतला. मोठी फत्ते जाहली.

मग दुसरे दिवशी कचेरीची वेळ जाहली. सायकल वर, रस्ता खाली. राये उंबऱ्यांतोन जिन्याकडे पाहोन आपणच खोखो हसले, आणि सायकल उचलिली. येणेप्रमाणे तिसरा मजला सर जाहला, आणि तेव्हांपासोन रोज सायंकाळी नव्याने सर होतो. जाहले तैसे लिहिले असे.