सरांचं खुणेचं नाव

बस गावाबाहेर पडायच्या आत पीटीच्या सरांनी तीनदा दंड फुगवून दाखवला होता, तरी त्यांना अजून कोणी नाव दिलं नव्हतं.

सहल दोन शाळांची होती. निम्मी मुलं कर्णबधिर, निम्मी ऐकणारी. कर्णबधिर मुलांची पद्धत अशी, की माणूस आपला वाटला की त्याला खुणेचं एक नाव द्यायचं. ते मागून मिळत नाही. पहिल्या तासाभरातच ऐकणाऱ्या सगळ्या मुलांना नावं मिळाली. गालावर बोट रुतवलं की खळीवाला, खांद्यावरून बोट खाली फिरवलं की वेणीवाली. ड्रायव्हरलासुद्धा मिशीचं नाव मिळालं. सर मात्र तसेच राहिले, आणि ते त्यांना फार लागलं.

"माझं काही जमतंय का बघा जरा," ते खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंच्या कानाशी पुटपुटले. "शिट्टी चालेल. दंड असला तर उत्तमच."

"सर, इथे वशिला चालत नाही," बाई हसल्या.

पेट्रोल पंपावर बस थांबली. बाई तोंड धुवायला गेल्या. ड्रायव्हर टायर बघायला उतरला, आणि टायर कसे बघायचे ते त्याला सांगायला सर उतरले. तेवढ्यात मागे दार फस्सकन मिटलं. किल्ली आत, मुलंही आत.

"दार उघडा!" सर गरजले. अख्खं मैदान सरळ रांगेत उभं करणारा आवाज तो.

"सर, त्यांना ऐकू येत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"निम्म्यांना येतं ना!"

"एसीची जाड काच आहे. कोणालाच येत नाही."

मग सरांनी हातवारे केले, उड्या मारल्या, आणि दार ओढायचा अभिनय करता करता तोल जाऊन पाण्याच्या बादलीत बसले. मुलं खिडक्यांशी गोळा झाली. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे जोरजोरात हलवले.

"बघा, बघा! वाचवा म्हणतायत!" सर ओरडले. "गुदमरतायत लेकरं!"

धीर द्यावा म्हणून ते एका पिंपावर चढले आणि दीर्घ श्वास घेऊन दाखवू लागले. आतले हात आणखीच हलले. पंपावरचा माणूस शिडी घेऊन धावला, एक ट्रकवाला पहार घेऊन आला. सरांनी पहार हिसकावून उगारली.

"सर! काय करताय?" बाई ओरडत आल्या.

"काच फोडतोय! पोरं तडफडतायत!"

"अहो, टाळ्या वाजवतायत ती! आमच्या मुलांच्या टाळ्या अशाच असतात. तुमचा खेळ आवडलाय त्यांना."

"आणि ऐकणारी पोरं?"

"तीही शिकली. तुम्हीच राहिलात."

बाईंनी काचेबाहेरून दोन खुणा केल्या. पुढच्या सीटवरच्या चष्मेवालीनं दारावरचं लाल बटण दाबलं आणि दार उघडलं.

सर ओल्या पँटनं, मान खाली घालून चढले. तेव्हा चष्मेवालीनं एक तळवा उभा धरला आणि त्यामागे दुसऱ्या हाताची बोटं उघडमीट केली. बघता बघता सगळी बस तेच करू लागली. आरशात बघून ड्रायव्हरनंही केलं.

"हे काय?"

"काचेमागचा मासा," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव."

सरांचे डोळे भरून आले. "बदलून नाही मिळत?"

"नाही हो."

पुढच्या नाक्यावर पोलिसानं काच ठोठावली. ड्रायव्हरनं ती सरकवली. "सहलीचे प्रमुख कोण?"

सरांनी गरजायला तोंड उघडलं, मग मिटलं. आणि तळवा उभा धरून, ऐटीत, आपलं नाव सांगितलं.