दामूकाकांनी आवाज बंद केला

आमच्या बोईसरच्या चाळीत माणसं कुजबुजतात ती फक्त दामूकाकांच्या दारावरून जाताना. नाहीतर काका ओठांवर बोट ठेवून बाहेर येतात. "हळू! आत सूज हाय, सूज!"

आणि हे सांगतंय कोण, तर तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस! काका घरात पाणी मागायचे, ते तळमजल्यावर ऐकू यायचं. कान बॉयलरनं नेले, त्यामुळे आपण ओरडतो हेच पटायचं नाही. "मी कुठं ओरडतो? बोलतो हाय!"

मग त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, पार्किन्सन्स झाला. हात थरथरू लागला, आवाज अगदी बारीक झाला. या आजारात मेंदूत सूजही असते, असं काकांनी मोबाइलवर कुठंतरी वाचलं आणि झालं! वांगी बंद. शिट्टी नको म्हणून कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजेल तेव्हा शिजेल. काकूंच्या कपाळावर हळदीचा लेप. मासेवालीला खुणांनी भाव करायला लावला, तेव्हा ती बिचारी म्हणाली, "काका, आता हाळीबी मनातच मारू काय?" स्वतः काका तर दिवसदिवस गप्पच. मला आधी हसू यायचं, मग रागही येऊ लागला. अहो, घर आहे की दवाखाना?

परवा पालघरला डॉक्टरांकडे मीही सोबत गेले. लेप बघून डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "काका, ही सूज पाय मुरगळल्यासारखी नसते. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. त्या चवताळल्या आणि शांत झाल्याच नाहीत, तर आपल्याच चांगल्या पेशींना इजा करतात. त्यामुळे आजार वाढत असावा. पण मुळात सुरुवात कशानं होते, ते अजून नीट कळलेलं नाही."

काका खुर्चीच्या टोकावर आले. "डॉक्टर, इतकी वर्षं मी हिच्यावर ओरडलो. त्यानं तर नाय ना चवताळल्या?"

एवढे दिवस हा माणूस हे उरात घेऊन फिरत होता!

"छे हो, ओरडण्यानं हा आजार होत नाही," डॉक्टर म्हणाले.

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. शेजारी काकू काहीतरी पुटपुटल्या. काकांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणते ही?" त्यांनी मला विचारलं.

मला सांगवेना. तरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "म्हणतात, तुमी बोलायचे थांबलात, मला वाटलं, आता माझा कंटाळा आला तुमाला."